प्रॉक्समॉक्स-सेफ क्लस्टरमध्ये डिस्क टाकल्या तरी जागा वाढत नाही: काय आणि कोणत्या क्रमाने तपासायचं

आधी लक्षणं सांगतो, तुमची केस यातली आहे का ते बघा.

तीन नोडचा, म्हणजे तीन सर्व्हरचा, प्रॉक्समॉक्स (Proxmox, एका सर्व्हरवर अनेक व्हीएम म्हणजे आभासी कॉम्प्युटर चालवणारं सॉफ्टवेअर) क्लस्टर आहे, ज्या सर्व्हरवर व्हीएम चालतात त्यांच्याच डिस्कवर सेफ (Ceph, सगळ्या सर्व्हरच्या डिस्क मिळून एक सामायिक स्टोरेज बनवणारं सॉफ्टवेअर) चालतंय, पूलचा, म्हणजे त्या स्टोरेजमधल्या एका भागाचा, साइझ 3 आणि मिनसाइझ 2, म्हणजे प्रत्येक डेटाच्या तीन कॉपी तीन वेगळ्या नोडवर आणि त्यातल्या किमान दोन चालू असल्या तरच काम चालतं. जागा संपत आली म्हणून नवीन एसएसडी आणल्या, ओएसडी (सेफला दिलेली एकेक डिस्क) बनवले, सगळे अप (चालू) आणि इन (वाटपात सामील) दिसतात. आणि मग यातलं काहीतरी होतं:

- डेटासेंटरच्या डॅशबोर्डवर एकूण टीबी वाढले पण ज्या स्टोरेजवर व्हीएमच्या डिस्क आहेत त्याचा बार जिथल्या तिथे.
- मॅक्स अव्हेल (पूलमध्ये अजून लिहिता येईल ती जागा) वाढायच्या ऐवजी डिस्क टाकल्यावर कमीच झालं.
- हेल्थमध्ये पिवळं, "निअरफुल ओएसडी" किंवा "बॅकफिल टूफुल" (बॅकफिल म्हणजे डेटा दुसऱ्या डिस्ककडे सरकवणं), आणि मिसप्लेस्डचा (अजून योग्य डिस्कवर न पोचलेल्या डेटाचा) टक्का तासन्‌तास हलत नाही.
- एक ओएसडी 84 टक्के, शेजारचा 55 टक्के.
- डेटा सरकायला लागला आणि त्याच वेळी टॅली, ईआरपी, हॉस्पिटलचं बिलिंग असं सगळं रांगायला लागलं.

ही तक्रार माझ्याकडे पुन्हा पुन्हा येते आणि हल्ली जास्तच येते, कारण नोव्हेंबर 2023 मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतल्यापासून लायसन्सचं गणित बदललं आणि बरेच छोटे कारखाने, कॉलेजं, हॉस्पिटलं प्रॉक्समॉक्सवर आली, तीन सर्व्हर घेतले, सेफ चालू केलं, वर्षभर सगळं मस्त चाललं आणि मग पहिल्यांदा जागा वाढवायची वेळ आली. मला मनापासून वाटतं की सेफ बसवणं जेवढं सोपं झालंय तेवढंच ते वाढवणंही लोकांना नीट समजायला हवं, कारण या कामात घाई केली तर चालू कंपनी बंद पडते.

खाली सोप्यापासून अवघडाकडे, फुकटपासून खर्चिकाकडे अशा क्रमाने लिहिलंय. क्रम मोडू नका. बहुतेक केस पहिल्या तीन-चार पायऱ्यांतच सुटतात आणि त्या पायऱ्यांत मुख्यतः बघायचंच असतं, बदलायचं थोडंच असतं. कमांड उच्चाराप्रमाणे लिहितोय, टर्मिनलवर नेहमीच्या स्पेलिंगने टाका.

सगळ्यात आधी: बॅकअप आजचा आहे का

तीन कॉपी म्हणजे बॅकअप नव्हे. कोणी चुकून व्हीएमची डिस्क डिलीट केली तर ती तिन्ही ठिकाणांहून एकदमच जाते. त्यामुळे प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर असो नाहीतर दुसऱ्या एखाद्या एनएएसवर जाणारा रात्रीचा बॅकअप असो, शेवटचा जॉब खरंच यशस्वी झालाय का ते बघा आणि एखादी छोटी व्हीएम दुसऱ्या नावाने रिस्टोर करून चालू होते का तेही बघा. हे झाल्याशिवाय पुढची एकही गोष्ट करू नका.

1. तुम्ही कोणता आकडा बघताय?

निम्म्या तक्रारी इथेच संपतात. डॅशबोर्डवर दिसतो तो रॉ आकडा, म्हणजे सगळ्या डिस्कची नुसती बेरीज. व्हीएमच्या स्टोरेजवर दिसतो तो पूलचा आकडा, म्हणजे तीन कॉपी धरून हातात किती उरतं ते. "सेफ डीएफ" मारा, वरच्या भागात रॉ दिसेल, खालच्या भागात पूलनिहाय स्टोअर्ड, यूज्ड आणि मॅक्स अव्हेल. तुमच्या कामाचा आकडा मॅक्स अव्हेल हा आहे.

अजून एक, डिस्कच्या खोक्यावर 1.92 टीबी लिहिलेलं असतं ते दशमान हिशोबाने, सेफ मोजतो बायनरी हिशोबाने, त्यामुळे तीच डिस्क साधारण 1.75 दिसते. इथे काही गायब झालेलं नाही.

आणि मॅक्स अव्हेल सरासरीवर काढत नाहीत, हे नीट लक्षात घ्या. त्या पूलमधला जो ओएसडी सगळ्यात आधी भरेल तो भरेपर्यंत पूलमध्ये अजून किती लिहिता येईल, असा तो हिशोब आहे. म्हणजे बारापैकी अकरा ओएसडी 60 टक्क्यांवर असले आणि एक 83 वर असला तर आकडा त्या एकावर ठरतो. म्हणूनच डिस्क टाकल्यावर डेटा सरकत असताना मॅक्स अव्हेल थोडा वेळ खाली जाऊ शकतं, नवीन कॉपी पूर्ण होईपर्यंत जुनी कॉपी काढत नाहीत. घाबरून तेवढ्यात दुसरं काही करू नका.

2. कोणता फ्लॅग चालू राहिलाय का?

"सेफ -एस" मारा. हेल्थच्या खाली नोआउट, नोइन, नोबॅकफिल, नोरिबॅलन्स, नोरिकव्हर या फ्लॅगपैकी, म्हणजे सेफची आपोआप चालणारी कामं थांबवणाऱ्या स्विचपैकी, काही सेट असल्याचं लिहिलंय का बघा. प्रॉक्समॉक्सच्या स्क्रीनवर ओएसडीच्या पानावर ग्लोबल फ्लॅग्जचं बटण आहे तिथेही दिसतं.

भोसरी-चाकण पट्ट्यातल्या लोकांना हे जास्त लागू होतं. गुरुवारी महावितरणचं मेंटेनन्स, वीज जाणार म्हणून कोणीतरी आदल्या संध्याकाळी शहाणपणाने फ्लॅग लावतं, शुक्रवारी सकाळी सगळं चालू होतं, व्हीएम वर येतात आणि फ्लॅग काढायचं राहून जातं. नोरिबॅलन्स किंवा नोबॅकफिल चालू असेल तर नवीन डिस्ककडे डेटा जाणारच नाही. नोइन चालू असेल तर नवीन ओएसडी अप दिसेल पण आउट राहील. नोआउटमुळे जागा वाढायची थांबत नाही, पण तो विसरला गेला तर जास्त घातक, कारण एखादी डिस्क मेली तरी सेफ एरवी 10 मिनिटांनी जी दुरुस्ती सुरू करतो ती करणारच नाही आणि तुम्ही दोन कॉपींवर चालत राहाल.

फ्लॅग कोणी आणि का लावला ते आधी विचारा, मग काढा.

3. झाड बघा

"सेफ ओएसडी डीएफ ट्री". मला एकच कमांड वापरू दिली तर मी हीच वापरीन. यात प्रत्येक नोड, त्याखालचे ओएसडी, क्लास, वेट, रिवेट, साइझ, वापराचा टक्का आणि पीजी (डेटाचे गठ्ठे) किती, सगळं एकत्र दिसतं.

पहिलं बघायचं ते वेट. हे वेट म्हणजे डिस्कचा आकार टेबीबाइटमध्ये, 1.92 ला 1.75 च्या आसपास, 3.84 ला 3.49 च्या आसपास. नवीन ओएसडीचं वेट शून्य असेल तर तो रिकामाच राहणार.

दुसरं, रिवेटचा, म्हणजे डिस्कचा वाटा हाताने कमी करायचा, कॉलम. तो 1 असायला हवा. पूर्वी कधीतरी एक ओएसडी फार भरला म्हणून कोणीतरी त्याचं रिवेट 0.8 केलेलं असतं आणि ते तसंच राहतं, आता नवीन डिस्क आल्यावर तीच जुनी ठिगळं वाटप वाकडं करतात.

तिसरं आणि सगळ्यात महत्त्वाचं: तिन्ही नोडची बेरीज सारखी आहे का? इथे थोडं थांबतो, कारण सगळ्यात जास्त पैसे इथे वाया जातात.

समजा प्रत्येक नोडमध्ये 1.92 च्या चार डिस्क आहेत. नोडमागे 7.68 टीबी, रॉ 23.04. तीन कॉपी, तीन नोड, म्हणजे प्रत्येक नोडवर सगळ्या डेटाची एक पूर्ण कॉपी. हातात येणारी जागा जास्तीत जास्त 7.68. आता बजेट कमी म्हणून फक्त पहिल्या नोडमध्ये 3.84 च्या दोन डिस्क टाकल्या. रॉ झालं 30.72, डॅशबोर्ड खूश, पण हातात येणारी जागा अजूनही 7.68. तीन भांड्यांत सारखंच पाणी ठेवायचं असेल तर सगळ्यात लहान भांडं भरलं की विषय संपला, बाकीची दोन कितीही मोठी असोत. पहिल्या नोडच्या नवीन डिस्कवर त्याच नोडमधला डेटा पसरेल, तो नोड निवांत होईल, बास.

उपाय सरळ आहे, तीन नोडच्या क्लस्टरमध्ये डिस्क तीनच्या पटीत घ्या, प्रत्येक नोडला सारख्या आकाराची एक. किंवा चौथा नोड आणा. चौथा तसाच नोड आला की रॉ 30.72 भागिले 3, म्हणजे 10.24 टीबी, शिवाय एक नोड पूर्ण मेला तरी उरलेल्या तिघांवर तिसरी कॉपी परत तयार होऊ शकते, जे तीन नोडमध्ये होऊच शकत नाही. माझं मत विचाराल तर तीन नोडच्या डिस्कचे खण भरत आले की मोठ्या डिस्क घेण्याच्या आधी चौथ्या नोडचा खर्च काढून बघा.

वेगवेगळ्या आकाराच्या डिस्क मिसळू शकता का, तर हो, पण 1.92 च्या शेजारी 7.68 ठेवली तर तिच्यावर चौपट पीजी जाणार, म्हणजे चौपट वाचन-लेखन, आणि ती मेली तर चौपट डेटा परत बनवावा लागणार.

4. जागा खरंच व्हीएमनीच खाल्लीय का?

हे खरं तर डिस्क विकत घेण्याच्या आधी बघायचं. व्हीएमच्या आतून 300 जीबी वापर दिसतो आणि सेफवर त्याच डिस्कने एका कॉपीतच 900 खाल्लेत, असं कितीतरी ठिकाणी सापडतं. "आरबीडी डीयू -पी" आणि पुढे पूलचं नाव, यातून प्रत्येक डिस्कला दिलेली जागा आणि प्रत्यक्ष वापरलेली जागा दिसते.

कारणं तीन. एक, जुने स्नॅपशॉट, अपडेटच्या आधी घेतलेले आणि मग कोणी काढले नाहीत. दोन, व्हीएमपासून वेगळी केलेली पण डिलीट न केलेली डिस्क, हार्डवेअरच्या पानावर ती "अनयूज्ड" म्हणून खाली लटकत असते. तीन, आणि हे सगळ्यात मोठं, डिस्कार्ड बंद असणं. व्हीएमच्या आत फाइल डिलीट केली तरी खाली सेफला ते कळत नाही, त्याच्या लेखी ते ब्लॉक अजून भरलेलेच आणि तेही तीन कॉपींत. डिस्कच्या सेटिंगमध्ये डिस्कार्डला टिक करा, कंट्रोलर वर्टआयओ स्कझी ठेवा, मग व्हीएम पूर्ण शटडाउन करून प्रॉक्समॉक्समधून परत स्टार्ट करा, आतून नुसतं रिबूट केलं तर सेटिंग लागू होत नाही. त्यानंतर लिनक्समध्ये "एफएसट्रिम -एव्ही", विंडोजमध्ये ऑप्टिमाइझ ड्राइव्ह्ज. एका वेळी एकच व्हीएम घ्या, सगळीकडे एकदम ट्रिम सोडलं तर स्टोरेजवर ताण येतो.

याची उलटी तक्रारही येते, पूलमध्ये जागा आहे, व्हीएमची डिस्क प्रॉक्समॉक्समधून वाढवली, पण आत सी ड्राइव्ह तेवढाच. तो सेफचा प्रश्न नाही, आतलं पार्टिशन आणि फाइलसिस्टिम वेगळी वाढवावी लागते, विंडोजमध्ये मध्ये रिकव्हरी पार्टिशन आडवं येतं. आकडा टाकताना मात्र नीट बघा, वाढवलेली डिस्क परत लहान करायची सोय प्रॉक्समॉक्समध्ये नाही.

5. डिव्हाइस क्लास

सेफ प्रत्येक डिस्कला क्लास देतो, एचडीडी, एसएसडी किंवा एनव्हीएमई. पूलचा क्रश रूल (डेटा कोणत्या डिस्कवर ठेवायचा तो नियम) फक्त एसएसडी क्लासवर बांधलेला असेल आणि नवीन डिस्क वेगळ्या क्लासची म्हणून आली असेल तर तो पूल तिला हातही लावणार नाही. ओएसडी अप, इन, वेट बरोबर आणि तरी वापर जवळपास शून्य टक्के, असं दिसलं की पहिला संशय हाच.

जुन्या रेड (RAID, अनेक डिस्क एकत्र बांधणाऱ्या) कार्डवर हे हमखास होतं. एकेका डिस्कचं रेड-झिरो बनवून दिलेलं असतं आणि कार्ड ऑपरेटिंग सिस्टिमला सांगतं की ही फिरणारी डिस्क आहे, झालं, एसएसडी असूनही क्लास एचडीडी. क्लास बदलता येतो, आधी "सेफ ओएसडी क्रश आरएम-डिव्हाइस-क्लास" आणि मग "सेट-डिव्हाइस-क्लास", पण बदलताच डेटा सरकायला लागेल हे धरून चला, म्हणजे हे काम दुपारी बारा वाजता करायचं नाही. खरा उपाय म्हणजे कार्ड एचबीए मोडमध्ये, म्हणजे डिस्क थेट सिस्टिमला दाखवणाऱ्या मोडमध्ये, टाकणं, कारण रेडच्या मागे लपलेल्या डिस्कची तब्येतही स्मार्टमधून (डिस्कच्या स्वतःच्या तब्येत-अहवालातून) धड दिसत नाही. पण चालू क्लस्टरवर मोड बदलला की त्या कार्डवरच्या ओएसडींचा डेटा गेला असं समजूनच काम करावं लागतं, एकेक नोड रिकामा करत. हे स्वतः पहिल्यांदाच करत असाल तर करू नका, माहीतगार माणूस बोलवा.

6. पीजी आणि बॅलन्सर

आता या पायरीत क्लस्टरमध्येच बदल करायचे आहेत, त्यामुळे हेल्थ ओके आणि सगळे पीजी अॅक्टिव्ह प्लस क्लीन (सगळ्या कॉपी जागेवर) असतील तरच ती करा.

डेटा ओएसडीवर एकेक फाइल म्हणून वाटला जात नाही, पीजी नावाच्या गठ्ठ्यांत वाटला जातो. गठ्ठे कमी असतील तर वाटप असमान होणारच. 128 पीजी, 3 कॉपी, 24 ओएसडी, म्हणजे ओएसडीमागे सरासरी 16. कोणाला 20 मिळतात कोणाला 12, आणि जागेत तेवढाच फरक पडतो.

"ऑटोस्केलर चालू आहे की मग", असं लोक म्हणतात. पीजीची संख्या आपोआप ठरवणारा हा ऑटोस्केलर चालू असतो, पण एखादा पूल क्लस्टरचा किती टक्के भाग व्यापतो ते बघून तो ठरवतो. डिस्क दुप्पट केल्या की तोच टक्का निम्मा होतो आणि त्याचा हिशोब जिथे होता तिथेच येतो, शिवाय गरज आणि सध्याचा आकडा यात तिप्पट फरक पडल्याशिवाय तो हात लावत नाही. मुख्य पूल एकच असेल तर त्याचा टार्गेट रेशो 1 सांगून टाका, मग ऑटोस्केलरला कळतं की हा सगळा क्लस्टर शेवटी याच पूलचा आहे. हाताने करायचं असेल तर ओएसडीमागे साधारण 100 धरून ओएसडीची संख्या गुणिले 100 भागिले 3, आणि जवळची दोनच्या घातातली संख्या. 24 ओएसडीला 800 येतात, मी आधी 512 करीन, स्थिर झाल्यावर वाटप बघीन, मग गरज असेल तर 1024.

एक अडनिड गोष्ट, जिच्यावर लोक दोन-दोन दिवस घालवतात. "सेफ ओएसडी पूल ऑटोस्केल-स्टेटस" मारलं आणि काहीच आलं नाही, नुसती रिकामी ओळ. याचं कारण बहुतेक वेळा असं की तुमचे पूल एसएसडीच्या रूलवर आहेत पण सेफच्या मॅनेजरचा तो छोटासा एक पीजीचा पूल अजून मूळ रूलवर आहे जो सगळ्या क्लासवर पसरतो. दोन रूलची मुळं, म्हणजे त्यांचे डिस्कचे गट, एकमेकांवर चढली की ऑटोस्केलर हात टेकतो. त्या छोट्या पूललाही एसएसडीचा रूल लावा, थोड्या वेळाने स्टेटस दिसायला लागेल.

मग बॅलन्सर, म्हणजे पीजी ओएसडींवर सारखे वाटणारा भाग. "सेफ बॅलन्सर स्टेटस", मोड अपमॅप आणि अॅक्टिव्ह हवा. लहान क्लस्टरमध्ये त्याची डीफॉल्ट सूट, म्हणजे ओएसडीमागे 5 पीजीपर्यंतचा फरक चालतो ही, फार ढिली पडते. अपमॅप मॅक्स डेव्हिएशन 1 केलं की वाटप बरंच सपाट होतं आणि मॅक्स अव्हेल एक पैसाही खर्च न करता वाढतं. फक्त लक्षात ठेवा, क्लस्टरमध्ये काही डिग्रेडेड (कॉपी कमी पडलेलं) असेल किंवा 5 टक्क्यांच्या वर मिसप्लेस्ड असेल तर बॅलन्सर थांबून राहतो. तो बिघडलेला नसतो, आधीची दुरुस्ती संपायची वाट बघत असतो.

7. डेटा सरकतोय पण फारच हळू, किंवा सरकताना व्हीएम गुदमरतात

आधी नेटवर्क. सेफचं नेटवर्क 1 गिगाबिटवर असेल तर सेकंदाला जेमतेम 115 एमबी, एक टीबी सरकायला अडीच तास आणि त्याच वायरवर व्हीएमचंही लिहिणं. तिथे सेटिंग बदलून उपयोग नाही, 10 गिगाबिट कार्ड आणि स्विच घ्या. 10 चं असेल तर एमटीयू (एका पॅकेटचा कमाल आकार) तपासा. 9000 लावलं असेल तर तिन्ही नोडवर, बाँडवर, ब्रिजवर आणि स्विचच्या पोर्टवर सगळीकडे हवं, एक पोर्ट राहिला तरी लहान पॅकेट जातात आणि मोठी अडकतात, पीजी पीअरिंगमध्ये (कॉपी आपसात जुळवण्याच्या टप्प्यात) लटकतात. पिंगला तुकडे न करण्याचा ऑप्शन देऊन 8972 चा साइझ टाका, प्रत्येक नोडवरून बाकी दोघांना.

मग डिस्क कोणत्या आहेत ते बघा. दुकानात मिळणाऱ्या साध्या लॅपटॉपच्या एसएसडी सेफमध्ये टाकू नका. सेफ प्रत्येक लेखन पक्कं झाल्याची खात्री मागतो आणि ज्या डिस्कमध्ये वीज गेली तरी कॅशे वाचवणारे कॅपॅसिटर नसतात त्या या मागणीला फार हळू उत्तर देतात. एक अशी डिस्क पूर्ण पूल मंद करते, कारण लेखन तिन्ही कॉपींवर झाल्याशिवाय व्हीएमला उत्तर मिळत नाही.

सेफच्या क्विन्सीपासून पुढच्या आवृत्त्यांत एमक्लॉक नावाचा शेड्युलर (व्हीएमचं काम आणि डेटा सरकवणं यात डिस्कचा वेळ वाटणारा) आहे, त्यामुळे जुन्या लेखात वाचलेलं मॅक्स बॅकफिल वाढवणं वगैरे तसंच लागू होत नाही. प्रोफाइल बदला: दिवसा हाय क्लायंट ऑप्स, रात्री आणि रविवारी हाय रिकव्हरी ऑप्स. एवढंच पुरतं.

8. निअरफुल आणि बॅकफिल टूफुल

तीन रेषा आहेत. 85 टक्क्यांवर निअरफुल, म्हणजे सूचना. 90 वर बॅकफिलफुल, त्या ओएसडीकडे सेफ डेटा सरकवायचं थांबवतो. 95 वर फुल, आणि मग लेखन बंद, व्हीएम जागेवर गोठतात. एकच ओएसडी 95 ला गेला तरी त्याच्यावर ज्या पूलचे पीजी आहेत तो पूल थांबतो, आणि डिलीट करून जागा करू म्हटलं तरी डिलीटसुद्धा अडकू शकतं.

85 ला काही होत नाही म्हणून लोक निवांत राहतात, पण तीन नोडमध्ये खरी रेषा 85 च्या बरीच खाली आहे. बघा, नोडमध्ये चार डिस्क, प्रत्येक 70 टक्के भरलेली. एक मेली. तिच्यावरचा डेटा दुसऱ्या नोडवर जाऊ शकत नाही कारण तिथे त्याची कॉपी आधीच आहे, तो त्याच नोडच्या उरलेल्या तिघांवर जाणार. 70 गुणिले 4 भागिले 3, म्हणजे 93. नव्वदलाच बॅकफिल थांबलं, दुरुस्ती अर्धवट, आणि पंच्याण्णव दोन पावलांवर. म्हणून एक डिस्क मेल्यावरही 85 च्या आसपासच राहायचं तर नोडमागे चार डिस्क असताना 64 टक्क्यांच्या आत राहा, दोनच असतील तर 42 च्या आसपास. हा आकडा आधीच मालकाला, अकाउंट्सला सांगून ठेवा, म्हणजे 60 ला डिस्कची मागणी केली की "अजून चाळीस टक्के आहे ना" हे ऐकावं लागत नाही.

आता तुम्ही अडकलाच असाल तर: आधी पायरी 4, म्हणजे स्नॅपशॉट आणि अनयूज्ड डिस्क काढा. मग नको असलेल्या टेस्ट व्हीएम दुसऱ्या स्टोरेजवर हलवा. मग नवीन डिस्क.

जे अजिबात करायचं नाही ते: पूलचा साइझ 3 वरून 2 करणं. जागा लगेच मोकळी होते हे खरंय, म्हणूनच मोह होतो. पण मग मिनसाइझ 2 ठेवलं तर एक नोड रिबूट केला तरी व्हीएम थांबतात, आणि मिनसाइझ 1 केलं तर एका कॉपीवर लेखन चालू राहतं, तेवढ्यात ती डिस्क गेली की तो डेटा परत आणायला जगात कुठेही दुसरी कॉपी नसते. बिलिंगचा, पेशंटच्या रेकॉर्डचा डेटा असा पणाला लावू नका.

डिस्क टाकायची वेळ आलीच तर

नवीन डिस्क तिन्ही नोडमध्ये भौतिकरीत्या लावा. नोरिबॅलन्स सेट करा. "एलएसबीएलके" मधून मॉडेल आणि सिरीयल नंबर वाचा, डिस्कवरच्या स्टिकरशी जुळवा, कारण नवीन डिस्कवर जुनं पार्टिशन असेल तर ती झॅप करावी, म्हणजे पूर्ण पुसावी लागते आणि एसडीसीच्या जागी एसडीडी (सिस्टिमने डिस्कला दिलेली नावं) लिहिलं गेलं तर चालू ओएसडीच पुसला जातो. रिबूटनंतर ही अक्षरं बदलू शकतात, सिरीयल बदलत नाही. मग सगळे ओएसडी बनवा, झाडात वेट आणि क्लास बघा, तिन्ही नोडची बेरीज जुळली का बघा, आणि कामाची वेळ संपल्यावर फ्लॅग काढा. असं केलं की डेटा एकदाच सरकतो, प्रत्येक डिस्कमागे परत परत नाही. चौथा नोड जोडत असाल तर साधारण पाव डेटा सरकणार, त्याला एक रात्र पुरेल की शनिवार-रविवार लागेल याचा हिशोब नेटवर्कवरून आधीच करा.

जुनी डिस्क काढायची असेल तर आधी आउट करा, रिकामी होऊ द्या, "सेफ ओएसडी सेफ-टू-डिस्ट्रॉय" (इथे दुसरं "सेफ" म्हणजे safe) ने हो म्हटल्यावरच काढा. आणि एका वेळी एकाच नोडमधली.

इथे थांबा आणि जाणकार माणसाला फोन करा

पीजीच्या स्टेटसमध्ये इनकम्प्लीट, डाउन किंवा स्टेल दिसलं. ऑब्जेक्ट अनफाउंड म्हणून आकडा आला. एकाच वेळी दोन वेगळ्या नोडमधल्या डिस्क गेल्या. मॉनिटरचा कोरम (क्लस्टर चालायला लागणारं मॉनिटरचं बहुमत) तुटला आणि "सेफ -एस" नुसतं लटकून बसलंय. एखादा ओएसडी फुल झाला आणि डिलीटही होत नाही. स्क्रब एरर (कॉपी तपासताना सापडणाऱ्या चुका) एकापेक्षा जास्त ओएसडींवर यायला लागले. यातलं काहीही असेल तर नेटवर सापडलेली कमांड चालवू नका, खास करून जिच्या शेवटी "येस आय रिअली मीन इट" लिहायला लागतं ती, किंवा ज्यात ओएसडी लॉस्ट, मार्क अनफाउंड लॉस्ट असे शब्द आहेत ती. त्या कमांड सेफला सांगतात की हा डेटा सोडून दे, आणि तो सोडतो. इनकम्प्लीट पीजीचा डेटा कितीतरी वेळा त्या बंद पडलेल्या डिस्कवर शाबूत असतो आणि जाणकार माणूस तो तिथून बाहेर काढू शकतो, पण ती डिस्क पुसून झाल्यावर नाही.

फोन करायच्या आधी "सेफ -एस", "सेफ हेल्थ डिटेल", "सेफ ओएसडी डीएफ ट्री" आणि "सेफ पीजी डंप स्टक" यांचे आउटपुट फाइलमध्ये सेव्ह करून क्लस्टरच्या बाहेर, लॅपटॉपवर ठेवा. शेवटचं काय बदललं, किती वाजता आणि कोणी, ते खरं खरं लिहून द्या, यानेच सगळ्यात जास्त वेळ वाचतो. काढलेली खराब डिस्क वॉरंटीत परत पाठवू नका, लेबल लावून कपाटात ठेवा. आणि तो माणूस येईपर्यंत एकाही नोडला रिबूट मारू नका.